पाल्प्याच्या डोंगरात चष्म्यांचं शिबिर: नेपाळच्या अल्पकालीन सेवादौऱ्याबद्दल

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये परदेशी सेवादौऱ्याचा विषय निघाला की नेपाळचं नाव लवकर पुढे येतं. व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वेने जाता येतं, पाट्या देवनागरीत असतात. सगळं सोपं वाटतं म्हणून तयारी कमी होते, आणि तयारी कमी झाली की आठ-दहा दिवस भेटीगाठी, गाणी आणि फोटोंत निघून जातात. आम्ही नेपाळच्या पाल्पा जिल्ह्यात, तानसेनच्या आसपासच्या गावांत जवळच्या नजरेच्या चष्म्यांचं शिबिर घेतो. पुढे जे लिहिलं आहे ते या कामातून शिकलेलं आहे. दौरा यशस्वी झाला की नाही हे ठरवायला आम्ही एकच प्रश्न विचारतो: आपण परतल्यावर पुढचं शिबिर तिथल्या लोकांनी आपलं आपण घेतलं का? बाकी सगळे निर्णय, म्हणजे किती जण जायचं, काय न्यायचं, पैसे कुठे ठेवायचे, हे याच प्रश्नावरून ठरतात.

सुरुवात कायद्यापासून करावी लागते. नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेच्या कलम २६ (३) नुसार दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे. २०१७ च्या मुलुकी अपराध संहितेचं, म्हणजे तिथल्या फौजदारी कायद्याचं, कलम १५८ ऑगस्ट २०१८ पासून लागू आहे. त्यात धर्मांतर घडवल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगून झाल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात, आणि या कलमापुरते आपण भारतीयही परदेशीच असतो. व्हिसा लागत नाही म्हणजे मोकळीक आहे, असा समज करून घेऊ नये. शिवाय आपण परत येतो. चौकशीला सामोरं जावं लागतं ते तिथल्या पाळकांना आणि विश्वासी कुटुंबांना. म्हणून पत्रकं नेत नाही, चौकात प्रवचन नाही, आणि शिबिराच्या रांगेत धर्माविषयी एक शब्दही नाही. चष्मा घ्यायला आलेल्या माणसासाठी त्याच्यासमोर मोठ्याने प्रार्थनाही करत नाही. तो गरजेपोटी आलेला असतो, नको म्हणणं त्याला जड जातं. ही सावधगिरी निव्वळ भीतीपोटी नाही. सेवेला आमिषाचा वास लागला तर ती सेवा राहत नाही, असं आम्ही मनापासून मानतो. आमची प्रार्थना सकाळी मुक्कामाच्या खोलीत होते, त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकासाठी होते, आणि तेवढी पुरते.

या भागाचा इतिहास दौऱ्याआधी सगळ्यांनी वाचलेला बरा, कारण ही खबरदारी कालची नाही. काठमांडूच्या खोऱ्यातल्या कॅपुचिन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंना १७६९ मध्ये गोरखा राजा पृथ्वीनारायण शाहांच्या विजयानंतर देश सोडावा लागला. ते आणि त्यांच्याबरोबरचे खोऱ्यातल्या नेवार समाजाचे मूठभर ख्रिस्ती बिहारमधल्या बेतियाजवळ येऊन राहिले. त्यानंतर दार उघडलं ते थेट १९५१ मध्ये राणाशाही, म्हणजे राणा घराण्याची सत्ता, संपल्यावर. आणि आपल्यासाठी जवळची गोष्ट म्हणजे, वेगवेगळ्या मिशनांनी एकत्र येऊन युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था स्थापन केली ती मार्च १९५४ मध्ये, आपल्या नागपुरात. तानसेनचं मिशन रुग्णालय त्याच संस्थेने सुरू केलं आणि आजही त्या डोंगराळ भागातले लोक तिथे उपचाराला येतात. धर्मांतराचा प्रचार करायचा नाही ही अट मान्य करूनच तिने नेपाळमध्ये दशकानुदशकं काम केलं. त्या डोंगरात ख्रिस्ती नावाला जो विश्वास मिळाला आहे, तो अशा सेवेतून मिळालेला आहे. अल्पकालीन गट तो वापरतात. तो वाढवून परत येणं हे आपलं काम.

आता तयारी. निमंत्रण तिकडून यावं लागतं. आपण ‘आम्ही येतोय, काय करू?’ असं विचारलं तर यजमान संकोचाने काहीही चालेल म्हणतात. त्याऐवजी पाच महिने आधी पत्रातून हे विचारावं: तुमच्या कोणत्या कामाला हात कमी पडतात, ते काम वर्षभर कोण करतं, आणि आमच्या येण्याने तुमचं कोणतं काम थांबेल? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. पाहुणे आले की पाळकांचं घर, स्वयंपाक, तरुण संघाचा आठवडा, सगळं अडकतं. यजमान म्हणाले की या वर्षी माणसं नकोत, पैसे पाठवा, तर पैसे पाठवावेत. आठ जणांच्या प्रवासखर्चात मोतीबिंदूचे बरेच रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतात, हे मंडळीसमोर उघडपणे मांडलं पाहिजे. माणसांनी जायचं ते शिकवण्यासाठी आणि शिकण्यासाठी. ते दोन्ही नसेल तर जाण्याला कारण उरत नाही.

परवानगीचा अर्ज यजमान करतात, आपण नाही. गावच्या वडा कार्यालयाला (वॉर्ड कार्यालयाला) आणि पालिकेच्या स्वास्थ्य शाखेला निदान महिनाभर आधी पत्र जातं. त्यात तारखा, जागा, नेपाळमध्ये नोंदणी असलेल्या नेत्र सहायकाचं नाव, चष्म्याला काही शुल्क घेणार की नाही, आणि पुढच्या उपचारासाठी रुग्ण कुठे पाठवणार, एवढं स्पष्ट हवं. आपल्या गटात भारतीय डॉक्टर असले तरी नेपाळ मेडिकल काउन्सिलच्या परवानगीशिवाय त्यांनी तिथे रुग्ण तपासायचे नाहीत, औषध लिहायचं नाही. डोळ्यांचे थेंब, गोळ्या काहीही वाटायला नेत नाही. शिबिर तिथल्या नेत्र सहायकाच्या नावाने आणि देखरेखीखाली चालतं, आपण मदतनीस.

काळ निवडताना जून ते सप्टेंबर सोडावा. बुटवलहून तानसेनला चढताना सिद्धबाबाचा पट्टा लागतो, तिथे पावसाळ्यात दरड आणि दगड कोसळतात आणि रस्ता तासन्‌तास बंद राहतो. दशैं-तिहारच्या, म्हणजे तिथल्या दसरा-दिवाळीच्या, दिवसांत लोक घरी असतात पण कार्यालयं बंद. भातकापणीच्या दिवसांत माणसं शेतात. आम्हाला फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च सोयीचा वाटतो. तानसेन साधारण १,३५० मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचा त्रास होत नाही, पण रात्री स्वेटर आणि कानटोपी लागते.

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. पंधरा ते पासष्ट वयाच्या प्रवाशाला आधार कार्डावर नेपाळला जाता येत नाही, आणि गटात हमखास एक जण तेवढंच घेऊन निघतो. विमानाने जाणार असेल तर विमानतळावरच तो अडकतो आणि त्याचं तिकीट फुकट जातं. म्हणून निघण्याच्या पंधरा दिवस आधी सगळ्यांची कागदपत्रं एका माणसाने हातात घेऊन तपासावीत; फोटो मागवून काम भागत नाही. रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, पायी सीमा ओलांडून भैरहवा, मग बुटवल आणि तानसेन. सीमेपासून तानसेनपर्यंत तीन-चार तास धरा. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा. भारतीय १०० रुपयांचे नेपाळी १६० हा दर १९९३ पासून कायम आहे, त्यामुळे हिशेब सोपा. कोणत्या नोटा किती नेता येतात याचे नियम बदलत राहतात. शंभर आणि त्याखालच्या नोटा जवळ असल्या की अडत नाही.

चष्मे इथून नेऊ नका. शेकड्याने चष्मे पिशवीत दिसले की सीमेवर जकातीचा प्रश्न येतो, आणि त्याहून मोठी अडचण अशी की तो साठा संपल्यावर यजमानांना पुन्हा आपल्याकडेच मागावं लागतं. बुटवलच्या किंवा काठमांडूच्या घाऊक विक्रेत्याशी यजमानांनीच व्यवहार करावा, म्हणजे पुढची मागणी ते स्वतः नोंदवतात. तीनशे चष्म्यांची आमची मांडणी अशी असते: +१.०० चे ३०, +१.५० चे ७०, +२.०० चे ८०, +२.५० चे ८०, +३.०० चे ४०. घाऊक विक्रेते सगळ्या नंबरांचे सारखे नग असलेली पेटी देऊ पाहतात. ती घेतली तर +२.०० आणि +२.५० दुसऱ्या दिवशी संपतात आणि +१.०० चे ढीग परत येतात. माल घेताना प्रत्येक वीस नगांमागे एक चष्मा दुकानातल्या लेन्समीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या. स्वस्त मालात डाव्या-उजव्या काचेचा नंबर वेगळा निघतो. उरलेल्यांसाठी साधी परीक्षा पुरते: चष्मा हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट पाहायची. चष्मा हळू हलवल्यावर चौकट वाकडी किंवा नागमोडी दिसली तर तो बाजूला.

जाण्याआधी निदान तीन महिने दर आठवड्याला गट भेटतो, आणि प्रत्येकाने आपल्याच भागातल्या एखाद्या गावात, नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, किमान तीस माणसांची नजर तपासलेली असावी लागते. ही अट ढिली केली की पाल्प्यात पहिला दिवस शिकण्यात जातो आणि रांगेतल्या आज्या उन्हात बसतात. आठ जणांपेक्षा मोठा गट नको. दोन नोंदणीला, दोन दूरच्या नजरेला, दोन जवळच्या, एक चष्मा देण्याला, एक पुढे पाठवण्याच्या यादीला. आणि प्रत्येक जागी एक स्थानिक माणूस जोडीला हवा: मंडळीतले तरुण, किंवा गावच्या महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका. या स्वयंसेविकांना घराघराची माहिती असते. तिसऱ्या दिवसापासून तपासणी त्यांनी करायची आणि आपण शेजारी उभं राहायचं. आपल्या लोकांना हे कठीण जातं. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला हात स्वस्थ ठेवायला सांगणं सोपं नाही, पण दौऱ्याचं खरं काम याच दिवसापासून सुरू होतं.

शिबिराची वेळ ठरवताना जेवणाची वेळ पाहा. डोंगरात दालभात सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होतो, दुपारी खाजा म्हणजे हलका फराळ आणि संध्याकाळी पुन्हा दालभात. सकाळी आठला मांडामांड करून बसलं तर अकरापर्यंत कोणी येत नाही, मग एकदम गर्दी होते. साडेदहा ते चार ही वेळ बरोबर. एवढ्या वेळात साठ ते सत्तर माणसं नीट तपासून होतात. शंभराच्या वर आकडा गेला की दूरची नजर घाईत होते, आणि ती घाई नेमकी मोतीबिंदूच्या रुग्णाला नडते.

नोंदणीत वय नीट मिळणं महत्त्वाचं, कारण जवळच्या नंबराचा अंदाज वयावरून बांधतात. तिथे जन्मसाल विक्रम संवतात सांगतात. आपली माणसं त्यातून ५७ वजा करून इसवी सन काढतात, मग इसवी सनातून वय काढतात, आणि दोनदा वजाबाकी करताना दहा वर्षांची चूक होते. सरळ चालू विक्रम साल भिंतीवर लिहून ठेवा आणि त्यातून जन्मसाल वजा करा. नागरिकता प्रमाणपत्र पाहिलं तर नेपाळी ५, ८ आणि ९ ची वळणं आपल्यापेक्षा वेगळी असतात, ती आधी ओळखून ठेवा.

दूरच्या नजरेसाठी सहा मीटर अंतरावर ‘ई’ अक्षराचा तक्ता, कारण त्याला वाचता यावं लागत नाही. ‘ई’चे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. अंतर टेपने मोजून जमिनीवर खडूची रेघ मारा; पावलांनी मोजलेलं अंतर दर वेळी वेगळं येतं. एकेक डोळा वेगळा तपासायचा. दुसरा डोळा तळहाताने झाकायचा, बोटांनी नाही, कारण बोटांच्या फटीतून माणूस नकळत बघतो. कोणत्याही डोळ्याने तक्त्यावरची ६/१२ ची ओळ दिसली नाही तर पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोकातून, दाखवा. पिनहोलने सुधारलं तर नंबराचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त, नाही सुधारलं तर मोतीबिंदू किंवा आतला आजार असू शकतो. दोन्ही रुग्ण यादीत जातात, तयार चष्मा कोणालाच नाही. लाल डोळा, बाहुलीत पांढरेपणा, बुबुळावर चढलेलं मांस, मधुमेह, अचानक कमी झालेली नजर, हे सगळे थेट नेत्र सहायकाकडे.

जवळची नजर चाळीस सेंटिमीटरवर तपासतात. तक्त्याला चाळीस सेंटिमीटरची दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक माणसाच्या गालाशी धरा. दोरी नसली की लोक तक्ता नकळत लांब नेतात आणि नंबर कमी निघतो. साधारण अंदाज असा: चाळिशीच्या सुरुवातीला +१.००, पंचेचाळीस ते पन्नास +१.५०, पन्नास ते पंचावन्न +२.००, त्यापुढे +२.५०. सुरुवात अंदाजापेक्षा अर्ध्या नंबराने कमी धरून करा आणि ज्या सगळ्यात कमी नंबराला वाचता येतं तो द्या. जास्त नंबरात अक्षर मोठं आणि झकास दिसतं, माणूस खूश होतो, आणि घरी गेल्यावर पुस्तक नाकाशी धरावं लागतं, डोकं दुखतं, चष्मा फडताळात जातो. तक्त्यावरचा मजकूर नेपाळीत हवा. लिपी तीच असल्यामुळे आपल्याला तो छापून नेता येतो, पण शब्द यजमानांकडून तपासून घ्या. वाचता न येणाऱ्यांसाठी सुईत दोरा ओवणं आणि तांदळातले खडे निवडणं या दोन परीक्षा पुरतात. मगर या तिथल्या समाजातल्या वयस्क बायकांना नेपाळीही अवघड जातं, हिंदी तर नाहीच. तिथे मगर भाषा बोलणारी शेजारीण सोबत बसवा.

इथे पाल्प्याची एक खास गोष्ट. हा जिल्हा ढाका कापडासाठी प्रसिद्ध आहे, त्या टोप्या आणि शाली हातमागावर विणतात. मागावर बसलेल्या बाईची नजर चाळीसवर नसते, पन्नास-साठ सेंटिमीटरवर असते. तिला तक्त्यावरचा नंबर दिला तर पुस्तक दिसेल आणि सूत दिसणार नाही. म्हणून काम काय करता हा प्रश्न नोंदणीतच विचारा. विणकाम म्हटलं तर तिला कामाच्या अंतरावर हात धरायला सांगा, तेवढी दोरी मोजा आणि तिथे तपासा. बहुधा अर्धा नंबर कमी लागतो. शिबिरात सगळ्यात मोठा फरक या बायकांच्या रोजच्या कमाईत पडतो, त्यामुळे त्यांना प्रत्येकी पाच मिनिटं जास्त द्यायला कचरू नये.

चष्मा देताना एक सूचना प्रत्येकाला दोनदा: हा घालून चालायचं नाही. डोंगरातल्या पायऱ्यांवर वाचायचा चष्मा घालून उतरणं धोक्याचं आहे, पाऊल टाकायची जागा धूसर दिसते. शुल्क घ्यायचं की नाही हे यजमान आणि पालिका ठरवतात. फुकट वाटप केलं की बाजारातल्या छोट्या चष्मेवाल्याचा धंदा बसतो आणि वर्षभर चष्मा मिळण्याची एकमेव जागा जाते, हे त्यांच्या कानावर जरूर घालावं. थोडं शुल्क ठेवून ज्याच्याकडे नाही त्याला माफ करणं हे बहुतेक ठिकाणी जमतं.

पुढे पाठवायची यादी हे शिबिराचं सगळ्यात मोलाचं फळ, आणि तिथेच बहुतेक गट सोडून देतात. चिठ्ठी हातात दिली म्हणजे माणूस रुग्णालयात पोहोचला असं होत नाही. तानसेनमध्ये लायन्सचं नेत्ररुग्णालय आहे, भैरहव्याला लुम्बिनीचं मोठं आँखा अस्पताल (डोळ्यांचं रुग्णालय) आहे, जिथे उत्तर प्रदेशातूनही रुग्ण येतात. सोय आहे, तरी मोतीबिंदूची म्हातारी जात नाही. कारणं विचारली की तीच येतात: बसचं भाडं, सोबत यायला कोणी नाही, मुलगा आखाती देशात, म्हैस कोण बघणार, आणि शस्त्रक्रियेने आहे तीही नजर गेली तर. म्हणून यादीत पत्त्याबरोबर सोबत कोण येणार त्याचं नाव आणि जायची तारीख तिथल्या तिथे ठरवून लिहायची. भाड्याचा आणि सोबत्याच्या जेवणाचा निधी यजमानांकडे ठेवायचा, दोन सह्यांनी खर्च होईल असा. आणि भीतीवर औषध म्हणजे आधी शस्त्रक्रिया झालेला गावातलाच माणूस. त्याला शिबिराच्या दिवशी बोलावून रांगेजवळ बसवा. आपल्या दहा भाषणांपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त ऐकलं जातं.

शनिवारी शिबिर ठेवायचं नाही. नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारची, म्हणून मंडळीची उपासनाही शनिवारी. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या आधी काही मिनिटं झाला, तेव्हा मंडळ्या उपासनेत होत्या. उपासनेची मंदिरं कोसळून विश्वासी मेले. त्या आठवणी अजून ताज्या आहेत, तो विषय आपण काढू नये, त्यांनी काढला तर ऐकावं. चपला बाहेर, बसणं जमिनीवर, पुरुष एका बाजूला आणि बायका दुसऱ्या, भेटल्यावर ‘जय मसीह’. साक्ष द्यायला सांगितलं तर पाच मिनिटं, कारण भाषांतरासह ती दहा होतात. दुसऱ्या धर्मावर टीका नाही, दोन्ही देशांच्या राजकारणावर शब्द नाही. गाणं मागितलं तर धृपद छोटं असलेलं मराठी भजन निवडा आणि टाळ जरूर न्या. त्यांच्या मादलाशी, म्हणजे हाताने वाजवायच्या ढोलकाशी, टाळ छान जुळतात आणि दुसऱ्या कडव्यापासून सगळी मंडळी धृपद धरते.

फोटोंचा नियम कडक ठेवावा लागतो. रुग्णाचा चेहरा नाही, मंडळीचा फलक नाही, गावाचं नाव नाही, आणि परत येईपर्यंत स्टेटसवर काहीच नाही. उत्साहाने टाकलेल्या एका फोटोखाली ‘मिशन’ हा शब्द असला की तो फिरत तिथल्या पोलीस चौकीपर्यंत जाऊ शकतो. तसंच कुणाला खाजगीत पैसे, मोबाइल नंबर, मुलांच्या शिक्षणाचं आश्वासन नाही. कणव येते, हात खिशाकडे जातो, पण एका घराला दिलेले पाच हजार त्या मंडळीत वर्षभर कुरबूर लावून ठेवतात. द्यायचंच असेल तर ते पाळक आणि वडीलजनांच्या हाती, हिशेबात.

परतल्यावर पंधरा दिवसांत एक पानी अहवाल मंडळीपुढे ठेवतो: किती तपासले, किती चष्मे, किती जणांना पुढे पाठवलं, खर्च किती, शिल्लक किती. त्यात एक रकाना मुद्दाम रिकामा असतो: पाठवलेल्यांपैकी रुग्णालयात प्रत्यक्ष गेले किती. तो भरतो सहा आठवड्यांनी, यजमानांच्या फोनवरून. तो आकडा अर्ध्याहून कमी आला तर पुढच्या वर्षी चष्मे कमी करून भाड्याचा निधी वाढवावा लागतो. त्याच फोनवर विचारायचं की +२.०० आणि +२.५० ची पुढची मागणी विक्रेत्याकडे गेली का, आणि स्वयंसेविकांनी शिबिराची तारीख वडा कार्यालयाला कळवली का. गेली असेल, कळवली असेल, तर पुढच्या वर्षी आठांऐवजी चार जण पुरतात, आणि दौऱ्याची जागा दुसऱ्या गावाला देता येते.